सर्वांना चुना

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू प्रत्येक वाक्याला ‘काय?’ विचारतेस, मग मी ओरडतो आणि शेजारच्या शिंपीकाकांना घरबसल्या आपल्या सगळ्या बातम्या कळतात. म्हणून हे पत्र.

तू माडीवरच्या खोलीत उकाड्याने चक्कर येऊन पडलीस, त्याला तीन उन्हाळे झाले. तुला शाळेच्या वाचनालयातून सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच, आणि नेमकं तेव्हाच तुमचे डॉक्टर इकडे येऊ देत नाहीत. खोली तशीच झाडून ठेवतो. परवा आईच्या पलंगापाशी उभा राहिलो आणि वाटलं, आपण दोघं लहानपणी इथे भरदुपारी फरशीवर पडून असायचो, अंगाला गारवा लागायचा. आता तीच फरशी तव्यासारखी तापते.

सव्वीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवतोय, पण स्वतःच्या गच्चीकडे कधी नजर गेली नाही. काळा डांबरी थर आहे, सगळं ऊन पिऊन घेतो. त्यावर चुन्याचे तीन हात द्यायचं ठरवलंय. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही. एका कोपऱ्यात करून पाहिलं, तर आठवड्यात पोपडे निघाले. नाना चुन्यात काय घालायचे, तुला आठवतं का? मी तेव्हा फार लहान होतो.

देवाने तुला सुखात ठेवावं. उत्तर लांबवू नकोस.
तुझा,
ठिपक्या

ता. २० फेब्रुवारी

चि. ठिपक्यास,
अ. उ. आ.

अजून ठिपक्या म्हणूनच सही करतोस! नाकावर रंगाचा ठिपका घेऊन शाळेत गेलास, त्याला चाळीस वर्षं उलटली.

नानांचा चुना मला वासासकट आठवतो. पिंपात आधी पाणी, मग चुन्याच्या कळ्या. उलट कधीच करायचं नाही, अंगावर उडतो. मग खदखद सुरू व्हायची आणि आपल्याला अंगणाच्या टोकाला हाकललं जायचं. दोन दिवस मुरू द्यायचे. पहिल्या हातात मूठभर मीठ आणि कढवलेला सरस, म्हणजे धरून राहतो. गाळायला आईचे उशीचे अभ्रे. त्यावरून रंगायची ती भांडणं तूही ऐकली आहेस.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की दुपारी खोली पस्तीसच्या आत असेल तर खुशाल जा, वर असेल तर माझ्याकडे येऊ नका. खरं सांगू? सगळी पृथ्वीच तापत चाललीय, तू एक कुंचा घेऊन कुठे कुठे पुरणार? पण मन मात्र तिकडेच ओढ घेतं. आईच्या खोलीत एकदा निवांत झोपायचंय मला.

उन्हात डोकं झाकून काम कर.
तुझी,
ताई

ता. १४ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न.

मीठ आणि सरस लागू पडले. चुना असा धरला की नखाने निघत नाही. दुपारी दोनला खोली बेचाळीसवरून एकोणचाळीसवर आली. मी आनंदाने खाली धावलो आणि मग तुझा पस्तीसचा आकडा आठवून जिन्यातच बसलो.

अडचण खिडकीची आहे. त्या बाजूला लागूनच शिंपीकाकांची काळी गच्ची, त्यापुढे आणखी दहा काळ्या गच्च्या. तिथला तापलेला वारा थेट खोलीत येतो. शिंपीकाकांना विनवलं, तर म्हणाले की जगाचा ताप उतरवायला निघालायस, आधी माझ्या दाराला रंग दे, वर्ष झालं सांगतोय. चुकी माझी होती.

मग गल्लीच्या फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर सर्वांना मोफत चुना लावण्यात येईल. घरटी एकाने तरी यावे.’

मला त्यात काही वावगं दिसलं नाही, देवाशपथ. शिंपीकाकांनी ते चौकात मोठ्याने वाचलं. बेकरीवाला म्हणे पोट धरून खाली बसला. बायको म्हणाली की सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाला फसवलं नाहीत आणि आता पाटी लावून फसवताय. रविवारी फसवून घ्यायला तीसेक माणसं हजर!

अकरा वाजले तरी कोणाचं हसणं आवरेना. मी शिंपीकाकांना चपला काढायला सांगितल्या. आमच्या पांढऱ्यावर ते आरामात उभे राहिले. मग मधला बुटका कठडा ओलांडून स्वतःच्या काळ्यावर पाय टेकवला आणि या वयात अशी उडी मारून परत आले की विचारू नकोस. मग कोणी हसलं नाही. त्या काळ्या गच्चीखालच्याच मजल्यावर त्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन असते. शेवटी त्यांनीच विचारलं, कुंचा कुठाय.

तीन रविवारांत अकरा गच्च्या झाल्या. त्यांचं दारही रंगवून दिलं. काल दुपारी दोनला खोलीत चौतीस. तीनदा पाहिलं, मग डोळे मिटून हात जोडले.

आता ये.
तुझा,
ठिपक्या

ता. ३ मे

चि. ठिपक्यास,
अ. आ.

मी येऊन पोचले आणि तू घरात नाहीस! तुझी बायको म्हणाली, वन्सं, त्यांना नदीपलीकडच्या शाळेने छपरांसाठी बोलावून नेलं, नऊ तारखेशिवाय येत नाहीत. बरंच झालं. वर्ग गार करूनच ये, माझ्यासाठी घाई करू नकोस.

जेवून आईच्या पलंगावर आडवी झाले आणि जी झोप लागली, ती ऊन भिंतीवरून उतरल्यावरच मोडली. क्षणभर वाटलं, खालून आई हाक मारेल. मारली नाही. थोडी रडले, पण घाम नव्हता.

आमच्या वाचनालयावर पत्रा आहे. एप्रिल लागला की मुलं पुस्तकं घेऊन पळतात, बसत नाहीत. परत गेल्यावर त्या पत्र्यावर मीच चढणार आहे. पत्र्याला काय लावतात ते तू सांग. नानांनी मला चुना गाळायला दिला, कालवायला दिला, पण मुलगी म्हणून कुंचा कधी हातात दिला नाही. छप्पन्नाव्या वर्षी काल शिंपीकाकांकडून मागून घेतला. त्यांच्या गच्चीवर जिन्याच्या डोक्यावरची छोटी खोली राहिली होती, तिच्या छतावर पहिला हात मारलाय. जरा वाकडा पडलाय. दुसरा हात तू आल्यावर, तुझ्यासमोर मारेन.

वाट पाहते,
ताई