विचारल्याशिवाय हात नाही

नाना, काल मी तुमच्या सगळ्यांत लाडक्या शिष्याला आपल्या मंडळात यायची मनाई केली. देवासातल्या आपल्या मराठी लोकांत ही गोष्ट एव्हाना घरोघर झाली असेल, पण तुम्हाला ती माझ्याकडूनच कळावी. तुमच्या तिरडीला माझ्या भावाच्या बरोबरीने ज्याने खांदा दिला, तोच हा. आता पस्तिशीचा आहे, पोरं त्याला भिया, म्हणजे दादा, म्हणतात, आणि तुमच्यामागे मल्लखांब त्यानेच जिवंत ठेवला. मी नुसती मंडळ चालवते, म्हणजे किल्ल्या, पालक, आणि कोणी पडलं की बर्फ. त्याच्याशिवाय आज संध्याकाळी दोरीवर कोणाला चढवायचं, मला माहीत नाही.

हात न लावता मल्लखांब शिकवता येत नाही. नवं पोर उलटं लटकलं की कमरेला, पाठीला आधार द्यावाच लागतो. तुम्ही मात्र आधी मोठ्याने म्हणायचात, "धरतो." वरून "धरा" आलं तरच तुमचा हात पुढे व्हायचा. पोर घसरत असेल तेवढाच अपवाद. आम्हाला तो खेळाचाच भाग वाटे. मग धारचा तो दिवस. आपण प्रात्यक्षिकं करायला बसने गेलो आहोत, मी नऊ-दहा वर्षांची, अंगाला खांबाच्या एरंडेल तेलाचा वास. ज्यांच्याकडे आपलं जेवण आहे ते गृहस्थ कौतुकाने येतात आणि मला उचलून खांद्यावर घेतात. तुम्ही भर अंगणात म्हणता, "खाली ठेवा तिला. आधी विचारा." ते हसतात, "अहो, लेकीसारखी आहे मला." तुम्ही म्हणता, "लेकीलाही विचारावं." पुढे पंगतीत आपल्याशी कोणी धड बोललं नाही. घरी आईने पोळ्या लाटता लाटता तुम्हाला फैलावर घेतलं, "ज्याचं अन्न खाल्लंत त्यालाच बोललात! अशाने तुमच्या पोरांना कोण बोलावणार?" तुम्ही शेवेच्या भाजीत पोळी कुस्करत म्हणालात, "न बोलावोत." मला तुमची फार लाज वाटली होती. पण त्या खांद्यावर माझं अंग ताठ झालं होतं आणि खाली उतरल्यावर सैल पडलं, हे मी कोणालाच सांगितलं नाही.

अलीकडे मंडळात ते "धरतो" ऐकू येईनासं झालं होतं. पोरं वाढली, घाई वाढली, असं मी समजत होते. तेरा वर्षांची एक मुलगी आहे. आईवडील टोंकखुर्दला शेती करतात, ही शाळेसाठी इथे मावशीकडे राहते. भिया तिला रोज मोटरसायकलवरून घरी सोडायचा. त्याच्या वाटेवरच घर, मावशीला बरं वाटे, मलाही वाटे. गेल्या आठवड्यात ती दोरीवर होती. तो आधाराला पुढे झाला आणि त्याचा हात पोचायच्या आत ती सरकन खाली आली, इतकी की तळवे सोलवटले. परवा मी त्या तळव्यांना मलम लावत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, मला सोडायला दुसरं कोणी येऊ शकतं क्या?" मी का म्हणून विचारलं नाही. म्हटलं, "आजपासून मीच सोडते." "पक्का?" "पक्का." स्कूटरवरून उतरताना म्हणाली, "भियाला नाही बोलायचं हं, मी बोलले म्हणून."

त्याच संध्याकाळी मी मावशीशी बोलले. त्या खाटेवर बसूनच राहिल्या. "आपला मराठी मुलगा, म्हणून मी निर्धास्त होते हो." उद्या मुलीचे आईवडील येतील. मग लहान मुलांशी कसं बोलायचं याचं शिक्षण घेतलेल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही तिला नेणार. तोवर त्याने यायचं नाही, एवढंच मी काल त्याला फाटकात सांगितलं.

"ताई, मजाक करताय ना?"

"नाही रे."

"कोण काय बोललं? नाव सांगा ना."

"नाव नाही सांगणार."

"नाना असते तर..." आणि तो थांबला. डोळे भरले त्याचे. नाना, मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दुखावलेला माणूस तसाच दिसतो आणि घाबरलेलाही तसाच दिसतो. मला ओळखता आलं नाही.

मग मंडळाच्या अध्यक्षकाकांचा फोन. "अगं, घरचा पोरगा आहे तो, बाहेरचा थोडाच आहे! आणि गणपतीत प्रात्यक्षिकं कोण करवणार, तू? दोरीवर चढशील क्या या वयात?"

"चढेन की काका. तुम्ही खाली गादी घेऊन उभे राहा."

"हसण्यावारी नेऊ नकोस. पोराचं नाव बरबाद होईल."

"आणि पोरीचं काय, काका?"

त्यांनी फोन ठेवला. पण चुकले तरी काय ते? या माळव्यात आपण मूठभर घरं, मुलांशी कोणी मराठीत बोललं की आपण त्याच्या हाती लेकरू देऊन मोकळे होतो. घरचा म्हटलं की विचारायचं संपतं. सकाळपासून त्याची आई फोन करते आहे. मला उचलायचा धीर होत नाही. काही नसेल, तर तुम्ही घडवलेला माणूस मी गावात बदनाम केला. आणि असेल, तर ते माझ्या डोळ्यांदेखत किती दिवस चाललं होतं? या दोन्हींतलं दुसरं मला जास्त छळतं.

थोड्या वेळात पोरं येतील. आज दोरी बांधणार नाही, अंगणात लेझीम घेईन. हा कागद मी कुठेच ठेवणार नाही, गॅसवर जाळून टाकणार आहे. यात नाव नसलं तरी इथलं कोणीही त्या मुलीला ओळखेल. त्याआधी एकच सांगते. परवा तिने विचारलं तेव्हा "मीच सोडते" हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की हिने मला विचारायला नको होतं. अगदी क्षणभरच. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नाना, आणि ते तिला दिसलं असेल, याची मला भीती वाटते.