एका 'टिंग'ची लढाई

३ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोज सहाला उठायचं. संगीताचा कॉपीराइट कायदा बदलायचा आहे. गाणं वाजलं की गायकाला रॉयल्टी, संगीतकाराला रॉयल्टी. मागे वाजवणाऱ्या आम्हा वादकांचं कलाकारांच्या यादीत नावसुद्धा नाही. सरकारी समितीनं सूचना मागवल्यात. मसुदा मी लिहिणार. ऐंशी पानं. रविवारपर्यंत.

४ जून, ९.४०
उठायला उशीर. पण झोपेत विचार चालूच होता, तेव्हा ते तास धरायला हरकत नाही.

वीस वर्षांपूर्वी त्या गाजलेल्या गाण्यात मी ट्रँगल वाजवला. पोलादी सळीचा त्रिकोण, त्यावर बारीक दांडी मारायची. दुसऱ्या कडव्याआधी सगळे थांबतात आणि एकच 'टिंग' होतं. ते माझं. गाणं त्याच्यावरच उभं आहे, हे माझं प्रामाणिक मत. मुलगी शाळेत सगळ्यांना सांगते. यादीत नाव लागलं की तिला कागद दाखवता येईल. खरं तर एवढ्यासाठीच चाललंय सगळं.

८ जून
पानं: शून्य. फाइल मात्र झकास मिळाली. हिनं विचारलं, आत काय आहे. म्हटलं, क्रांती. म्हणाली, क्रांतीखाली विजेचं बिल दबलंय, ते आधी भरून या.

१२ जून
मेव्हणा वकील आहे. म्हणाला, भावोजी, ऐंशी पानं कुणी वाचणार नाही, एकच द्या. त्याला कायद्यातलं फारसं कळत नाही. तरी ऐकलं. ऐंशी लिहून एकोणऐंशी काढायची, त्यापेक्षा हे सोपं.

१९ जून, दुपारी २
पान झालं. कलम एकच, पण ठणठणीत: ध्वनिमुद्रणात ज्याचा आवाज ऐकू येतो, तो कलाकार. शिक्षण, अनुभव, किती सेकंद वाजवलं, काही विचारायचं नाही. मेव्हणा म्हणाला, जरा सैल होतंय. मी म्हटलं, उदार होतंय.

२ जुलै
समितीचं बोलावणं आलं. सोळा तारखेला सुनावणी. कोट इस्त्रीला टाकला. साक्षीदार म्हणून त्या गाण्याच्या रेकॉर्डिस्टकाकांना शोधून काढलं. फोनवर खूप हसले. मूळ टेप घेऊन येतो म्हणाले. देवमाणूस.

१५ जुलै
भाषणाची तालीम. भाषण चाळीस मिनिटांचं, वेळ पाच मिनिटांची. भरभर बोलेन.

१६ जुलै, संध्याकाळ
कलम पसंत पडलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, इतकं स्पष्ट आजवर कुणी मांडलं नव्हतं. मग काकांनी टेप लावली. टिंग झालं. मी उठून किंचित वाकलो. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

काका म्हणाले, हे याचं नाही. हा मात्रा मोजताना चुकला आणि हात वर धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात चहावाल्या मावशींचा चमचा काचेच्या ग्लासला लागला. संगीतकार खूश झाले, तोच टेक ठेवला. याचाही आवाज मूळ टेपवर आहे, म्हणाले. चार मात्रांनंतर, हळूच: 'अरेच्चा.' गाणं बाजारात आणताना तो काढून टाकला.

मला तर हात खाली आल्याचं स्वच्छ आठवतंय. टिंगही ऐकलं होतं.

१७ जुलै
वाईट वाटलं. फार वाटलं. मुलीला सांगितलं. तिनं विचारलं, मावशी कुठे राहतात?

९ ऑगस्ट
समितीनं माझ्या कलमाप्रमाणे नमुन्याची यादी सुरू केली. पहिलं नाव मावशींचं. कायद्याचा पाया मी घातला, हे कुणी नाकारू शकत नाही. कुणी बोललंही नाही म्हणा.

फॉर्मवर रेकॉर्डिंगच्या दिवशी हजर असलेल्या वादकाची साक्ष लागते. मावशींनी मलाच गाठलं. तुमच्याशिवाय दुसरं कोण आठवणार, म्हणाल्या. बरं वाटलं. मुलीला घेऊन गेलो. साक्षीदारासाठी एक रकाना होता: आपण काय वाजवलंत? बराच वेळ विचार केला. 'काही नाही' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली.

मुलीनं लगेच वही पुढे केली, सही मागायला. मावशींपुढे.

पेन माझं होतं.