सुरू न झालेल्या इंजिनाची निरवानिरव

मी, मथुरा लवू परब, वय तेवीस, धंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार मसुरे, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

सर्वांत आधी एक चूक दुरुस्त करते. ता. ५ मार्च १९६१ च्या माझ्या पहिल्या मृत्युपत्रात मी असे लिहिले होते की, माझे वडील वारले त्या दिवशी मोटारीचे इंजिन तयार नव्हते. हे खरे नाही. इंजिन तयार होते. टाकीत पेट्रोल होते, पाणी भरलेले होते, आणि माझा थोरला भाऊ सत्यवान ते सुरू करायचे हँडल लावून उभा होता. घराण्याला नावे ठेवली जाऊ नयेत म्हणून मी तसे लिहिले होते. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

कलम १. मोटार. ही मोटार बाबांनी लढाईनंतर जुनी घेतली आणि मालवण ते कसाल भाड्याने चालवली. बाबांच्या माघारी तिच्यात आई, दादा आणि मी असे तिघांचे हिस्से आहेत. माझा हिस्सा मी दादाला देते. अट एकच. माझे काका भिकाजी तिचे सुटे भाग करून विकायला सांगतात, तसे करू नये. त्याचे कारण लिहिते, म्हणजे पुढे कोणी हट्ट म्हणणार नाही.

१९६० च्या पावसाळ्यात हे इंजिन बाबांनी आणि मी आमच्या खळ्यातल्या मांडवाखाली पूर्ण उघडले. ते इतके चालले होते की पेट्रोलपेक्षा ऑईल जास्त पीत असे आणि चढावर मागे निळा धूर सोडी. सिलिंडर कोल्हापूरला नेऊन घासून आणणे आम्हाला परवडणारे नव्हते. म्हणून वेंगुर्ल्याच्या एका मोडीत काढलेल्या गाडीच्या, मापाने थोड्या मोठ्या पिस्टनच्या रिंगा आणल्या आणि त्यांची टोके कानशीने घासत घासत बसवल्या. हेडखालचे, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालचे, तांब्याचे गॅस्केट जुनेच चुलीत लाल करून पाण्यात बुडवून मऊ केले. बेअरिंग कुठे टेकते ते पाहण्याचा निळा रंग नव्हता, तेव्हा आईच्या दिव्याचे काजळ वापरले. जिथे काजळ पुसले जाई तिथे बाबा पात्याने अलगद खरवडत. व्हॉल्व घासण्याचे काम माझे. काठी दोन्ही तळव्यांत धरून, रवीने ताक करावे तशी फिरवायची.

"घाई नको गो," बाबा म्हणत. "रिंग मोडली तर दुसरी खंयसून हाडतलंस?"

काका पडवीत बसून बघत. एकदा म्हणाले, "लवू, चेडवाच्या हाताक ग्रीस लावतंस. हेका न्हवरो गावचो नाय."

"न्हवरो नाय गावलो तर नाय," बाबा म्हणाले. "गाडी तरी चलतली."

मला अक्षरओळखही बाबांनीच करून दिली, टायरवरची आणि डब्यांवरची अक्षरे दाखवून. शाळा नंतर आली.

कलम २. त्या दिवसाची हकीकत. चवथीनंतर इंजिन जोडून झाले. आमच्याकडे नवे काही सुरू करताना गावदेवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. बाबांनी विचारले, मोटार धंद्याला काढू काय. डावी पाकळी पडली. बाबांनी ठरवले की दसऱ्याला पुन्हा विचारू, तोवर हँडल मारायचे नाही.

दसऱ्याआधीच एका दुपारी बाबांच्या पोटात कळ उठली. डॉक्टर मालवणला. एस.टी. सकाळचीच, ती गेलेली. दादाने मांडवातले माडाच्या पात्यांचे झाप बाजूला केले आणि हँडल लावले. काका आडवे आले. "देवान नाय म्हटलेला आसा, आणि तू गाडी भायर काढतंस? वाटेर काय झाला तर?" दादा चिडून म्हणाला, "आता काय कमी झाला काय, काका?" तेवढ्यात बाबाच खाटेवरून बोलले, "थांब रे सत्या. कौल नाय. बैलगाडी जोड."

बैलगाडी मालवणला पोचलीच नाही. म्हणजे गाडी पोचली, बाबा वाटेतच गेले होते.

मी देवाला दोष देत नाही, काकांनाही देत नाही. पण वर्षभर विचार करून मला जे कळले ते लिहून ठेवते. देवाला विचारले होते ते धंद्याचे. त्याने उत्तरही धंद्याचेच दिले. ते आम्ही माणसाच्या जिवाला लावले. त्या दुपारी गुरवाकडे धावत जाऊन पुन्हा विचारावे, एवढेसुद्धा आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

त्यानंतर आईने मोटारीचे नाव काढू दिले नाही. पुन्हा जोडल्यापासून इंजिन आजपर्यंत एकदाही सुरू झालेले नाही. ते गंजून अडकून बसू नये म्हणून मी प्लगच्या भोकांतून तेल सोडते आणि हँडलाने हळूच फिरवते. तेवढ्यानेही मला आता धाप लागते.

कलम ३. माझ्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने अरुंद झाली आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणतात की शस्त्रक्रिया लवकर केली तर बरे, जगण्याची खात्री देता येत नाही, आणि न केली तर फार दिवस नाहीत. आईने गुरवाकडून कौल लावून घेतला. डावा आला. ती म्हणते, शिमग्यानंतर पुन्हा विचारू. मी जाते म्हटले तेव्हा म्हणाली, "माझ्या काळजार पाय देवन जातलंस काय गो?" पण मी थांबणार नाही. एकदा थांबून पाहिले आहे.

मिरजेला एस.टी.नेही जाता येते. तरी मी मोटारीने जाणार आहे. दादा चालवील. हे शहाणपणाचे आहे असा माझा दावा नाही.

कलम ४. पोस्टातली शिल्लक व कानातल्या कुड्या आईला. साखरपुड्याची साडी वेंगुर्ल्याच्या मंडळींना परत करावी. दुखणे कळल्यावर त्यांनी सोयरीक मोडली, पण साडी मागितली नाही, हा त्यांचा चांगुलपणा की विसर, ते मला समजलेले नाही. नट आवळायचे पाने, कानशी आणि व्हॉल्वची काठी दादाला. काकांना बाबांची पडवीतली खुर्ची. ते तिच्यावर आताही बसतातच, पण उठवले जाण्याची भीती नसावी.

कलम ५. मी मिरजेतच वारले तर अग्नी तिथेच द्यावा. आईला तिकडे आणू नये. दादाने मोटार घेऊन परत यावे, पण माझ्या दुःखात ती घाईने हाकू नये. नव्याने घातलेल्या रिंगा बसायला वेळ लागतो. पहिले पाचशे मैल ताशी पंचवीसच्या वर नेऊ नये. घाटाच्या पायथ्याशी इंजिन निवू द्यावे. परतल्यावर ऑईल बदलावे आणि हेडचे नट पुन्हा आवळावेत. आईने मोटारीकडे पाहिले नाही तर तिला बोलू नये. कधी तिला दवाखान्याची गरज पडली तर कोणाला न विचारता हँडल मारावे.

साक्षीदार म्हणून मी आमच्या देवळाचे गुरव महादू यांना बोलावले. माझा कौल त्यांनीच लावला होता, म्हणून ते नाही म्हणतील असे वाटले होते. त्यांनी सगळे वाचून घेतले आणि म्हणाले, "देव नाय म्हणालो ता खरा, बाय. पण सही करू नको म्हणान माका काय तो बोलूक नाय."

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: मथुरा लवू परब

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. महादू गुरव, मसुरे
२. काशीबाई राणे, मुख्याध्यापिका, मसुरे

स्थळ: मसुरे. तारीख: १२ नोव्हेंबर १९६१

मोटार सुरू करून निघण्याचा दिवस: सोमवार, ता. २० नोव्हेंबर १९६१.