जादा तिकीट

२ जानेवारी
मेहुणा जीवन तलवाड्याहून येऊन गेला. बबिताच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं नगरच्या गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढलीत. एक तिचं, एक माझं. दोन्ही माझ्या मोबाईलवर आली, कारण घरातला जबाबदार माणूस मीच. तिथं गाणारी गायिका बबिताला लई आवडते. भाकरी थापताना हिचीच गाणी म्हणते. मला गाण्यातलं कळत नाही, पण बाईमाणसासोबत नवरा पाहिजे.

४ जानेवारी
बुकिंग फुल. लोक दुप्पट द्यायला तयार. नीट विचार केला तर आपल्याकडं एक तिकीट जादा आहे. मी गेलो नाही तर जीवनला वाईट वाटेल. म्हणजे बबिताचं जादा.

५ जानेवारी
आष्टी कोर्टासमोर वकील बंकटला चहा पाजला. विचारलं, तिकीट विकणं गुन्हा आहे का. म्हणाला, घरातलं एखादं विकलं म्हणून पोलीस उचलून न्हाई नेत बे. पण तिकिटाखाली बारीक अक्षरात अटी आसत्यात, विकलं तर रद्द, आसं काहीतरी. ते आधी वाच.
म्हणजे कायदेशीर आहे. बारीक अक्षरं वाचायला माझा चष्मा आता पुरत नाही.

६ जानेवारी
बबिताला समजावलं. गर्दी, धूळ, तिचा दमा. तिनं विचारलं, मग तुमी कावून जाताव? म्हणालो, भेटीचा मान राखायला. तिनं हिरवी साडी इस्त्रीला दिली होती, ती मी तशीच परत आणायला लावली. तेवढाच खर्च वाचला. बाई समजूतदार आहे.

७ जानेवारी
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकली. खात्री पटावी म्हणून तिकिटाचा फोटोही, चौकोनी कोडसकट, एकदम स्पष्ट. दोन्ही तिकिटं सारखीच दिसतात. व्यवहारात पारदर्शकपणा हवा.

८ जानेवारी
सत्यम म्हणून एकाचा फोन. दुप्पट दिले, घासाघीस नाही. खानदानी माणूस. तोही तलवाड्याचाच. जग लहान आहे. त्याला बबिताचं तिकीट पाठवून दिलं.

११ जानेवारी
बबिता म्हणाली, उद्या माहेरी जाते. जा म्हणालो. तिचंही मन रमेल.

१३ जानेवारी
काल नगरला जे झालं ते बेकायदा होतं. माझ्याकडून नव्हे.
गेटवरच्या मुलीनं मोबाईलला मशीन लावलं. म्हणाली, या तिकिटावर माणूस आत गेलाय. जाहिरातीत टाकलेला फोटो माझ्याच तिकिटाचा निघाला. मी तिला कायदा सांगितला. तिनं हवालदाराला बोलावलं. त्यालाही सांगितला. तो म्हणाला, कायदा तुमच्या बाजूनं आसंल काका, पण बाजूला व्हा. मी बेचाळीसचा आहे.
सल्ल्यासाठी बंकटला फोन लावला. त्याच्या मागं तबला वाजत होता. म्हणाला, तूच ग्रुपवर टाकलंस, मला वाटलं ज्याला जमंल त्यानं जावं. मग म्हणाला, ठेव, सुरू होतंय.
तेवढ्यात जीवनच्या मोटारसायकलवरून बबिता उतरली. हिरवी साडी. सत्यम म्हणजे जीवनचा शेजारी, त्यानं तिच्यासाठीच तिकीट घेतलं होतं. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, मी एवढ्या लांबून आलोय, तुझं मला दे, तुला दम्याचा त्रास. ती म्हणाली, हे इकतचं हाय. आणि आत गेली. मशीननं तिला अडवलं नाही.
जीवन आणि मी दोन तास एकाच कट्ट्यावर बसलो. त्यानं भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. मला विचारलं नाही.
ती त्याच्याबरोबर तलवाड्याला गेली. राग उतरला की येईल. मी होऊन फोन करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ जानेवारी
फोन केला. उचलला नाही. रेंज नसेल.

१८ जानेवारी
बबिता आली. स्वयंपाक करते, वाढते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. म्हणजे सगळं पूर्ववत.
सकाळी भाकरी थापताना गात होती. कधी न ऐकलेलं गाणं. आत जाऊन म्हणालो, छान आहे, कुठलं? ती थांबली. भाकरी उलटली. बराच वेळ उभा राहिलो, पुढं म्हणेना. अंगणात आलो तर पुन्हा सुरू.
दोनदा आत जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा थांबली.
आता अंगणातच खुर्ची टाकलीय. इथून बरं ऐकू येतं. शब्द कळत नाहीत.