काळ्या धाग्याच्या जागी

लेटरकेनी, २ फेब्रुवारी २०२५

चि. स्वानंदीस अ. उ. आ.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

तुझा युअन लग्नात नेसणार आहे तो त्याच्या स्कॉटिश आजोबांचा किल्ट चांगला आहे, पण त्यावर खांद्यावरून घ्यायचं वस्त्र कसरीने खाल्लंय. तुला न विचारता मी ते बाबांना विणायला सांगितलं. निवृत्त झाले तरी माग घरीच आहे. तिकडे प्रत्येक कुळाचा चौकड्यांचा वेगळा नमुना असतो; हा युअनच्या कुळाचा शिकारीचा. समारंभाचा लाल असतो. रानात उठून दिसू नये म्हणून यातून लाल काढलेला. धागे भिंगाखाली मोजून कळवले: हिरवे चोवीस, निळे सोळा, काळे चार, पिवळे दोन, आणि तिथून उलट्या क्रमाने परत.

एक खोटं लिहिलं. माझ्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरला हवंय म्हटलं. तुझ्या लग्नासाठी म्हटलं असतं, तर दीड वर्षापूर्वी जे म्हणाले तेच पुन्हा आलं असतं: त्या लग्नाला येणार नाही, विषय नको. जुलैत लग्नाला त्यांनी यावं असं तुला वाटतं, हे तू बोलली नाहीस तरी दिसतं. निदान वस्त्र त्यांच्या हातचं असेल. हे तुझ्यासाठी केलं की मध्यस्थीच्या हौसेपायी, हे रोज स्वतःला विचारते. उत्तर रोज बदलतं.

रागाव, पण कळव.
तुझी ताई, ज्ञानदा


सोलापूर, ११ मार्च २०२५

चि. सौ. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

वस्त्र आज टपालात टाकलं. फोटो तू ट्यूबलाइटखाली काढलास, त्यामुळे हिरवा तीनदा रंगवावा लागला. निळे तू सोळा लिहिलेस, फोटोत अठरा आहेत. अठरा घेतले. ऑपरेशन करताना मोजणी दुसऱ्या कुणाकडे देत जा.

शिकाऱ्याला लपता यावं म्हणून हा नमुना, हे समजलं. तुझ्या डॉक्टरला लपण्याचं कारण नाही असं धरून चाललो. काळे चार धागे घातले नाहीत. त्या जागी कुंकवाचा रंग घातला. कारण विचारू नये.

मोतीबिंदू एप्रिलमध्ये काढणार आहेत. बाकी ठीक. लोभ आहेच.
बाबा


ॲडम्सटाउन, ३० मार्च २०२५

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

डॉक्टर कुणी नव्हता. वस्त्र युअनसाठी होतं. खोटं माझं, स्वानंदीचं नाही.

काल इथे तिच्याकडे येऊन पार्सल उघडलं. युअनच्या आईने ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. ग्रँड आहे म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत नुसतं ठीक आहे. मग म्हणाल्या की लाल आल्यावर हा शिकारीचा राहिला नाही आणि समारंभाचाही झाला नाही. त्यांच्या कुळात असा नमुनाच नाही. युअन म्हणाला, लग्नाला हरणांना बोलावलेलं नाही. मी घाईने चूक अंगावर घेतली, लाल माझ्याच मोजणीच्या चुकीने आला म्हणाले. हे दुसरं खोटं.

लाल रेघेवरून अंगठा फिरवत स्वानंदीने मला मराठीत सांगितलं की काळ्याला बाबांची कधी ना नसते, फक्त लग्नाच्या कापडात ते काळा घालत नाहीत. मग तिने मला विचारलं, वस्त्र लग्नासाठी आहे असं मी तुम्हाला लिहिलं होतं का. मी नाही म्हणाले. ती उठून कप काढू लागली. आम्ही चौघंच होतो, तिने भान नसल्यासारखे सात काढले.

काळ्याचं कारण मी इंग्रजीत समजावल्यावर युअनच्या आई म्हणाल्या की त्याने हेच घ्यावं, त्याच्या स्कॉटलंडच्या काकांनी नावं ठेवली तर त्या बघून घेतील.

कारण विचारू नये असं लिहिलंत, म्हणून विचारत नाही. फक्त कळवते: व्हिसासाठी आमंत्रणपत्र लागतं. माझ्या सहीचंही चाललं असतं, पण स्वानंदी म्हणाली ती लिहील. तीन कागद फाडले, चौथा पाकिटात घातला. मोतीबिंदूनंतर जुलैतल्या प्रवासाला हरकत नसावी, हे डॉक्टर म्हणून लिहिते.

माझ्यावरची माया आटू देऊ नये.
आपली ज्ञानदा

(ज्ञानदाच्या वहीत, त्याच रात्री) उद्याचं काम: स्वानंदीचं पाकीट न उघडता पोस्टात टाकणे.