तबकडीचे पाय

भावोजी,

दूध गॅसवर होतं, ओटा निम्मा पुसून झाला होता आणि मी फडकं पिळत होते, तेव्हा तुमचं पार्सल आलं. ते उघडून आतली चिठ्ठी वाचेपर्यंत दूध उतू गेलं. तेव्हापासून मी तुमचा फोन उचललेला नाही. वहिनीचं काय बिनसलंय असं तुम्ही धाकटीला विचारत असाल, म्हणून हे पत्र. (दोघांना आशीर्वाद. तुमचं पोट कसं आहे? धाकटीचा गुडघा? सविस्तर कळवा, पण आधी पुढचं वाचा.)

पार्सलात बॅटरीवर चालणारं घड्याळाचं मशीन निघालं आणि सोबत तुमची चिठ्ठी. दादाचं अर्धवट मनगटी घड्याळ यानं चुटकीसरशी चालू होईल, तबकडीच्या मागचे दोन पाय कापा, दुहेरी चिकटपट्टीनं तबकडी चिकटवा, आत कोण बघतंय! भावोजी, मी बघतेय. तुमचे दादा जन्मभर कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करून घरी आले की जेवणाच्या टेबलावर घड्याळं जुळवत बसायचे. (ताटं कुठे मांडायची हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, पण ते सोडा.) ही शेवटची तबकडी त्यांनी स्वतः रंगवली. मागचे तांब्याचे पाय डाख देऊन बसवले, वाकडे बसले म्हणून काढले, पुन्हा बसवले. हात तेव्हाच थकले होते. ते पाय ज्या मशीनच्या भोकांत जातील तेच त्या घड्याळाचं मशीन, आणि ते शोधायच्या आधीच हे गेले. तुम्ही पाय बघून चप्पल घेता, की चप्पल बघून पाय कापता?

मग मीच शोधायचं ठरवलं. शाळा माझी लवकर सुटली, पण वाचन सुटलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही वाचायला नेलेली पुस्तकं अजून आली नाहीत, हेही माहीत असेल.) यांचं घड्याळदुरुस्तीचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं, पानोपानी यांच्या अंगठ्याचे तेलकट ठसे. मग सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "आजी, दुरुस्ती पलीकडच्या गल्लीत." म्हटलं, "दुरुस्ती नको, मशीन हवंय. रोज चावी द्यायचं. तारखेचं नको. तबकडीला तारखेची खिडकीच नाही, तर आत तारीख फिरून कुणाला दिसणार?" त्यानं डोळ्याला भिंग लावलं. मीही पिशवीतून माझं काढून लावलं. पुढे तो मला आजी म्हणाला नाही.

मशीन मिळालं. पाय भोकांत असे बसले, जसं झोपलेलं मूल कुशीत सरकावं. पण केसमध्ये घालण्याआधी पारख करायची असते: पूर्ण चावी द्यायची, दिवसभर तोंड वर करून ठेवायचं, मग पालथं, मग चावी खाली करून उभं, आणि दर वेळी किती मागेपुढे जातं ते पाहायचं. तर हे मशीन कसंही ठेवा, पुढेच पळायचं, दावं तोडलेल्या वासरासारखं. मी ते परत केलं, भांडून दुसरं आणलं. तेही पळालं. तेही परत. तिसऱ्यालाही पाय फुटले, तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, मशीनमध्ये खोट नाही, तुमच्या घरात काहीतरी आहे." घरात! मी तरातरा परत आले आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढलं.

खोट सापडली, भावोजी, आणि ती तुमचीच निघाली. हे गेल्यावर 'घरात माणसाचा आवाज असावा' म्हणून तुम्ही तो भलामोठा रेडिओ आणून दिलात. माथा सपाट, धूळ बसत नाही, म्हणून मी मशीन त्यावरच ठेवत होते. पुस्तकात लिहिलंय की चुंबकाजवळ राहिलं की आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावतं. यांच्या खणातलं होकायंत्र रेडिओवर ठेवलं, तर काटा भोवळ आल्यासारखा फिरला. आवाजाच्या कर्ण्यामागे हा एवढा चुंबक! म्हणजे पाय कापायचा सल्ला तुमचा, आणि दुकानात माझं नाक कापलं गेलं तेही तुमच्यामुळे. दुकानदारानं मशीनला लागलेलं चुंबकत्व उतरवून दिलं. ओठ दाबून हसत होता, मला दिसलं. आता मशीन कपाटावर आहे आणि तिन्ही अंगांनी सरळ चालतंय.

तुमचं बॅटरीचं मशीन या पत्रासोबत परत पाठवतेय. ते तुमच्या दिवाणखान्यात ठेवा, तिथे आत कुणी बघत नाही.

तुमची वहिनी

ता. क. काटे बसवायचे राहिलेत. ते चिमट्यानं धरून एका दमात दाबायचे असतात, आणि माझा हात थरथरतो. तुमचा थरथरत नाही. तुमची बोटं अगदी यांच्यासारखी आहेत, हे मी कधी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच फुशारता. रविवारी या. पुस्तकं आणा. चिकटपट्टी आणू नका.

आणखी एक. पत्र काल टाकायचं राहून गेलं. आज सकाळी मी मशीनला चावी दिली, ते उशाजवळच्या टेबलावर ठेवलं आणि टिकटिक ऐकू यावी म्हणून रेडिओ बंद केला.