सुमनचा हात

रविवार, धार

आज मी सुमनशी नीच वागले. माझीच धाकटी बहीण. मॉर्मन ख्रिस्ती झाली म्हणून आम्ही तिच्याशी संबंध तोडले. आई अंथरुणाला खिळल्याचं कळताच ती देवासहून आली. आईच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाची प्रार्थना म्हणू लागली.

मी म्हटलं, "तुमच्यात असा हात फक्त पुरुषच ठेवतात ना?"

"पूर्वी बायकाही ठेवायच्या, जीजी."

"पूर्वी. आणि आता?"

तिने हात काढून घेतला. मला बरं वाटलं. का वाटलं? पण वाटलं.

आईने डोळे न उघडताच विचारलं, "हात कुणाचा होता गं? फार बरं वाटत होतं."

"माझा," मी म्हणाले.

सुमन तिथेच उभी होती.